पाळणाघर निसर्गाविरुद्ध आहे का?

तुमची प्रसूतीरजा संपत आली असताना बाळाला पाळणाघरात ठेवण्याचा विषय निघाला आणि घरातील वडीलधाऱ्यांनी "मुके प्राणीसुद्धा आपले पिल्लू दुसऱ्याच्या हवाली करत नाहीत" असे ऐकवले. त्यात तथ्य आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि गोरेगावला राहते. ते विधान सरसकट खरे नाही, आणि मुंबईतच त्याचा उलट पुरावा सापडतो.

इमारतीभोवती थोडी झाडी शिल्लक असेल, तर सातभाईंचा कलकलाट तुमच्याही कानांवर पडत असेल. आमच्या आवारात घरट्यातून नुकतेच बाहेर पडलेले पिल्लू खालच्या फांदीवर पंख थरथरवत, चोच वासून बसते. एक पक्षी पाचोळा उलथून काढलेली अळी त्याच्या चोचीत कोंबतो, तो बाजूला होतो न होतो तोच दुसरा नाकतोडा घेऊन हजर होतो, आणि या धांदलीत एखादा उंच फांदीवर बसून मांजरावर किंवा शिक्र्यावर नजर ठेवत असतो. भरवणाऱ्यांपैकी जन्मदाते कोणते, हे खालून पाहणाऱ्याला अजिबात ओळखू येत नाही. (कोकिळेच्या कुळातला पावशा आपली अंडी याच पक्ष्यांच्या घरट्यात घालतो, यात नवल नाही.)

वानरांमध्येही काळ्या केसांचे नवजात पिल्लू जन्मानंतर लवकरच टोळीतल्या इतर माद्यांच्या कडेवर फिरू लागते. सारा हर्डी या संशोधिकेने १९७०च्या दशकात राजस्थानातील माउंट अबूच्या वानरांचा अभ्यास केला, तेव्हा टोळीचा ताबा घेणारा नवा नर आधीची तान्ही पिल्ले मारून टाकतो, हेही त्यांनी नोंदवले. म्हणून "प्राणी असे करतात, सबब आपणही करावे" हा युक्तिवाद मला दोन्ही बाजूंनी अमान्य आहे, अगदी तो माझ्या सोयीचा असला तरी.

प्राण्यांशी तुलना करून कळते ते निराळेच. चिंपांझी ही आपली अगदी जवळची नातलग. चिंपांझी माता पहिले काही महिने पिल्लू कुणाच्या हाती देत नाही आणि दोन पिल्लांत साधारण पाच-सहा वर्षांचे अंतर असते. माणसाचे मूल त्याहून कितीतरी अधिक काळ परावलंबी राहते, तरीही शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजांत दोन मुलांतील अंतर तीन-चार वर्षांचेच आढळते. एकट्या आईला हे झेपणारे नाही. टांझानियातील हाड्झा समाजात कंद खणून नातवंडांना पोसणाऱ्या आज्यांचा अभ्यास झाला आहे. वडिलांचे म्हणाल, तर फिलिपाइन्समधील ६२४ पुरुषांच्या २०११च्या अभ्यासात बाप झालेल्यांचे टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) घटलेले आढळले, आणि मुलांची रोज अधिक काळजी घेणाऱ्यांत ते आणखी कमी होते. तेव्हा बाळाला कोण सांभाळणार, हा प्रश्न बाळाच्या वडिलांना कुणी विचारला का, अशी मला शंका आहे.

मात्र मदतनीस कुणीही चालतो, असा अर्थ कृपया काढू नये. मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्या १९५८च्या प्रसिद्ध (आणि निर्दय) प्रयोगांत माकडाची पिल्ले आईऐवजी ठेवलेल्या, दूध देणाऱ्या तारेच्या पुतळ्याकडे केवळ पिण्यापुरती जात आणि उरलेला वेळ मऊ कापडाच्या पुतळ्याला बिलगून राहत. पोट भरणे आणि आधार वाटणे या दोन वेगळ्या गरजा आहेत. म्हणून पाळणाघर पाहायला जाल तेव्हा भिंतींवरच्या चित्रांपेक्षा एका ताईंकडे किती तान्ही बाळे आहेत, त्या ताई सतत बदलतात का, आणि बाळ रडले की त्याला किती लवकर उचलून घेतात, याकडे लक्ष द्यावे. तसेच मातृत्व लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या तरतुदीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणे आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ देणे बंधनकारक आहे. तुमच्या कार्यालयात ती सोय आहे का, हे रजा संपण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.