इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ कुठल्या शब्दाला आहेत? आणि ते सगळे पाठ कसे करायचे?

शब्द आहे ‘रन’. नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीचे संपादक पीटर गिलिव्हर त्या एका शब्दावर नऊ महिने बसले होते. जुन्या जनरल नॉलेजच्या पुस्तकांत ‘सेट’ दिलेला असतो, 430 अर्थ, तो 1989 च्या आवृत्तीचा हिशोब आहे.

पण तुमचं ते ‘पाठ कसे करायचे’ वाचलं आणि राहवलं नाही, कारण हे पाठ करायला लावणारे क्लास मी सांगलीत जवळून बघितलेत.

मी कुपवाड एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनवर, सेटर आहे, मशीन कामाला लावून देतो. आयटीआय करून नवीन नवीन नोकरीला लागलो तेव्हा संध्याकाळी शिफ्ट सुटली की विश्रामबागला एका स्पोकन इंग्लिशच्या क्लासला जायचो. वहीत डाव्या बाजूला इंग्लिश शब्द, उजवीकडं मराठी अर्थ, एकाला एक, आणि दुसऱ्या दिवशी म्हणून दाखवायचं. एकदा सरांनी फळ्यावर ‘रनआउट’ लिहून एकेकाला वाक्य करायला लावलं. सगळ्यांनी क्रिकेटची केली. मी म्हणालो, जॉबचा रनआउट वीस मायक्रॉन आहे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). सर म्हणाले असलं काही नसतं, कारखान्यातलं इंग्लिश कारखान्यात ठेवा. पोरं हसली. मी परत बोललो की सर रोज मोजतो आम्ही, ड्रॉइंगवर छापलेलं असतं, तर मला म्हणाले वाद घालायला आलाय का शिकायला.

तो रनआउट काय असतो ते सांगतो. जॉब म्हणजे ज्यावर काम करायचं तो तुकडा, तो चकमध्ये म्हणजे मशीनच्या फिरत्या पकडीत पकडायचा, मॅग्नेटिक स्टँड लावायचा, त्यावरच्या डायलचं, म्हणजे मोजायच्या काट्याच्या घड्याळाचं, टोक जॉबला हलकंच टेकवायचं आणि चक हातानं सावकाश फिरवायचा. जॉब बरोबर मध्यावर असला तर काटा जागचा हलत नाही. नसला तर डोलतो, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढा डोलला तेवढा रनआउट. मग जिकडं चढ असेल तिकडं नायलॉनच्या हातोडीनं टकटक करत काटा जागेवर आणायचा. याला आम्ही जॉब ट्रू करणं म्हणतो. ‘ट्रू’चा हा अर्थसुद्धा इंग्लिश डिक्शनरीत आहे, कुणालाही उघडून बघता येईल.

आणि ही ऑक्सफर्डची डिक्शनरी बनली कशी? 1879 ला तिचे संपादक जेम्स मरे यांनी लोकांना आवाहन केलं की तुम्ही जे वाचता त्यातली शब्द वापरलेली वाक्यं चिठ्ठीवर उतरवून पाठवा. लाखो चिठ्ठ्या आल्या, त्या लावून बघून अर्थ ठरवले. म्हणजे आधी माणसं शब्द वापरतात, मग तो डिक्शनरीत जातो. मरेंची स्वतःची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती, घरची परिस्थिती नव्हती म्हणून. ‘रन’चे एवढे अर्थ वाढले त्यात मशीनचा मोठा हात आहे, इंजिन आलं, गिरण्या आल्या, मग कॉम्प्युटर आला, जे जे चालायला लागलं त्याला ‘रन’ लागला. कारखान्यातलं इंग्लिश कारखान्यात ठेवलं असतं तर यातले कितीतरी अर्थ डिक्शनरीत आलेच नसते. हे मी त्या सरांना आजही तोंडावर सांगेन.

आपल्याकडं बघा ना. मिरजेला गाडी लागली म्हणजे फलाटावर आली, आणि मला गाडी लागते म्हणजे घाटात उलटी होते. भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, भात खाली लागतो, ती माझी आत्या लागते. कुणी पाठ केलं हे? आईनं चुलीपाशी बसवून लागणेचे अर्थ म्हणून घेतले का?

त्यामुळं यादी करू नका. शब्द भेटेल तिथंच त्याचं अख्खं वाक्य वहीत उतरवा, कपड्याचा रंग गेला तरी ‘रन’, नाक गळलं तरी ‘रन’, निवडणुकीला उभं राहिलं तरी ‘रन’, आणि तुम्ही ज्या धंद्यात आहात तिथलं इंग्लिश पहिल्यांदा लिहा कारण ते तुमच्या हातात आधीच आहे. दुकान असेल तर दुकानातलं, दवाखान्यात काम करत असाल तर तिथलं. कुणी हसलं तर त्याला विचारा तुझं इंग्लिश तू कुठं वापरतोस.

हां, एमपीएससी किंवा बँकेची परीक्षा देत असाल तर गोष्ट वेगळी. तिथं ‘रन इन्टू’, ‘रन ओव्हर’, ‘रन आउट ऑफ’ असल्या जोड्या सरळ विचारतात आणि त्या थोड्याफार घोकाव्या लागतातच. तेवढ्यापुरता क्लास लावला तरी माझी काही हरकत नाही, फक्त सर प्रश्न विचारू देतात का ते आधी एक दिवस बसून बघा आणि मगच फी भरा.