‘पूर काढा’ असं सांगू नका

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. पुराचं पाणी ओसरून तीन आठवडे झाले. मुलांना मोकळं वाटावं म्हणून ‘पूर’ हा विषय देऊन चित्रं काढायला लावली. दोघं रडायला लागली, एकाने कागद काळाकुट्ट करून बाकाखाली टाकला. माझं काय चुकलं?

उत्तर : ताई, चित्र काढायला दिलंत ते योग्यच, चुकलं ते विषय देण्यात. पुरात मुलाच्या हातात काहीच नव्हतं. निदान कागदावर तरी काय आणायचं आणि कधी, हे त्याने ठरवावं. पण नुसतं ‘हवं ते काढ’ म्हणूनही भागत नाही, कोऱ्या कागदाचीच भीती वाटते. आवडतं जनावर, बसायला आवडते ती जागा असे दोन-तीन पर्याय द्या. काहीच सुचत नसेल त्याला ताटली ठेवून गोल आखून द्या, तो नुसता रंगवू दे. ज्याला पूर काढायचा असेल तो आपणहून काढेल.

सुरुवात तेलखडूने करा. जलरंग इतक्यात नकोत. पाणी जास्त झालं की रंग वाटेल तसा पसरतो, चित्र डोळ्यांदेखत बिघडतं, आणि या मुलांनी तेच नुकतं घरात पाहिलंय. झेरॉक्सचा कागद तेलखडूच्या जोराने फाटतो, म्हणून जाड ड्रॉइंग पेपर घ्या आणि चारही कोपरे चिकटपट्टीने बाकाला चिकटवा. एका वेळी आठ-दहा मुलं आणि दोन मोठी माणसं असावीत. पाऊण तास, आठवड्यातून दोनदा, ठरल्या वेळी, ठरल्या जागी.

मातीकामासाठी मुलामागे अर्धा किलो शाडू पुरते. मात्र ओल्या मातीच्या वासाने काहींना चिखलाने भरलेलं घर आठवतं. त्यांच्यासाठी दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि चमचाभर तेल घेऊन गोळा मळा. पाणी थोडं थोडं घाला, वाटीभराला कमीच लागतं. एकदम ओतलं की गोळा हाताला चिकटतो.

काळ्या कागदाचा अर्थ लावत बसू नका. ‘हे काय काढलंस?’ असं विचारण्याऐवजी ‘इथे खूप जोर दिलायस’ एवढं, दिसतं तेवढंच बोला. मूल एकटक बघत गप्प झालं तर चित्र थांबवा. पाय जमिनीवर टेकवायला सांगा, वर्गातल्या पाच निळ्या वस्तू शोधायला लावा, पाणी द्या.

चित्रामागे नाव आणि तारीख हवीच. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस यांनी नाझींच्या तेरेझिन छावणीत मुलांना चित्रकला शिकवली. मुलांनी चित्रावर स्वतःचं नाव घालावं, याकडे त्यांचं लक्ष असे. १९४४ मध्ये त्यांना आउश्वित्झला नेऊन मारलं. मागे दोन सुटकेसमध्ये सुमारे ४,५०० चित्रं राहिली. तुमच्या मुलांची चित्रंही फाइलमध्ये जपा. भिंतीवर किंवा व्हॉट्सॲपवर मात्र लावू नका. ती बघणाऱ्यांसाठी काढलेली नाहीत.

झोपेत दचकणं, अंथरूण ओलं करणं, शाळेची धास्ती महिन्यापेक्षा जास्त टिकली तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो.

प्रश्न : पती अपघातात गेले, सात महिने झाले. त्यांच्या शर्टांची गोधडी शिवावीशी वाटते. सासूबाई म्हणतात, अशाने दुःख उगाळलं जातं. — बार्शी

उत्तर : शिवा. फक्त एकदा कात्री लागली की शर्ट परत येत नाही, म्हणून एक अखंड बाजूला काढून ठेवा. ज्याला त्यांचा वास आहे तोही गोधडीत नको, कारण ती धुवावी लागते. ज्याच्याशी आठवणी कमी तो शर्ट आधी उसवा. सुती कापड धुण्यात आटतं, टेरिकॉट आटत नाही. मग गोधडी गोळा होते. त्यामुळे सगळे तुकडे आधी गरम पाण्यातून काढा. अस्तराला जुनी सुती साडी घ्या आणि धावदोरा कडेकडून आत घालत जा. एका बैठकीला अर्धा तास पुरे, रडू आलं तर सुई टोचून ठेवा आणि उठा. खिसा उसवू नका, तसाच राहू द्या. सासूबाईंना एक कड शिवाल का, असं विचारून बघा. नाही म्हणाल्या तर आग्रह नको.