डग्गा ऐकू येतो, पण घुमत नाही

प्रश्न: माझे स्पीकर चार इंची फुल-रेंज ड्रायव्हरचे (एकाच कोनातून सगळा आवाज) आहेत, गाणारा एकदम समोर बसल्यासारखा वाटतो पण डग्ग्याचा घुमारा गायब. अँपला सबवूफरचं (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर, म्हणजे सब) आउटपुट नाही, हॉल १२ बाय १२ फूट. सब लावू का, आणि एक की दोन?

उत्तर: लावा की! चार इंची कोनाला तेवढी हवा ढकलताच येत नाही, त्याचा काय दोष. फक्त सबला हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरची वायर थेट जोडायची सोय) आहे ना ते बघून घ्या, मग अँपच्या स्पीकर टर्मिनलवरूनच जादा वायर सबला न्यायची, अँपवर लोड जवळपास येतच नाही (क्लास डी प्रकारचा अँप असेल तर मॅन्युअल आधी वाचा, काहींना निगेटिव्ह वायर जोडलेली चालत नाही). क्रॉसओव्हर (ज्या सुराच्या खालचं सगळं सब वाजवतो ती सीमा) ८० हर्ट्झपासून सुरू करा, १५० वर नेलात तर गायकाचा आवाज कोपऱ्यातून यायला लागतो, सगळी मजाच जाते.

खरी कटकट हॉलची आहे. १२ फुटांवरच्या भिंतींमध्ये साधारण ४७ हर्ट्झला लाट अडकते आणि तुमचा हॉल चौकोनी, म्हणजे दोन्हीकडून तीच, एका जागी धडधड अन् दोन पावलांवर काहीच नाही. म्हणून मी तर दोन छोटे सब घ्या म्हणेन, समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर. बजेट एकाचंच असेल तर सब आधी तुम्ही ऐकायला बसता त्या सोफ्यावर ठेवा, तबल्याचं रेकॉर्डिंग लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा (घरचे हसतील, हसू द्या), डग्गा जिथे साफ ऐकू येईल तिथे सब कायमचा ठेवा. मग सबवरचं फेजचं बटण (सब आणि स्पीकरचे कोन एकत्र पुढे-मागे हलावेत म्हणून असतं ते) ० आणि १८० करून बघा, ज्यात बास भरीव वाटतो ते ठेवा.