ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे रक्ताचा कर्करोग होतो का?

रक्ताच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांमध्ये ड जीवनसत्त्व कमी आढळते हे खरे. परंतु कमतरतेमुळेच रोग होतो असे सिद्ध झालेले नाही, कारण आजारपणात उन्हात जाणे आणि जेवण घटल्यानेही ही पातळी खालावते. १९८१ साली जपानी संशोधकांनी उंदराच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार) पेशींना या जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप दिले, तेव्हा त्या बाहेरचे कण गिळणाऱ्या प्रौढ पेशींसारख्या वागू लागल्या. या विषयीच्या कुतूहलाला तेथून मोठे बळ मिळाले. मात्र काचपात्रातील पेशी म्हणजे माणूस नव्हे. अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज ड जीवनसत्त्वाचे २,००० युनिट घेऊनही कर्करोगाचे एकूण प्रमाण घटले नाही. मायलोमात (रक्ताच्या कर्करोगाचा आणखी एक प्रकार) रक्तातील कॅल्शियम आधीच वाढलेले असू शकते आणि ड जीवनसत्त्वाने ते आणखी वाढू शकते, म्हणून अशा रुग्णाने गोळ्या तपासणीनंतर, डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात.