आरएक्स १००चा मूळ ब्लॉक घाईनं बदलू नका

काकांची १९९० सालची यामाहा आरएक्स १००, नऊ वर्षं शेडमध्ये उभी. किक मारून मारून एकदाची सुरू होते, पांढरा धूर सोडते आणि आयडलवर टिकत नाही. मेकॅनिक म्हणतो, नवीन ब्लॉक (पिस्टन ज्यात वर-खाली होतो तो सिलिंडर) आणि पिस्टन टाकून देतो. तुम्हाला मात्र इंजिन स्वतः उघडायचंय आणि आजवर प्लग बदलण्यापलीकडे हात लावलेला नाही.

जरूर उघडा. शिकायला याहून सोपं इंजिन मिळणार नाही: ९८ सीसी, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारं. फोर-स्ट्रोकसारखे हेडमधले व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंग चेन यातलं काहीच नाही, हेड (ब्लॉकवरचं झाकण) आणि ब्लॉक उचलला की पिस्टन समोर. पण तो ब्लॉक बदलायला माझा ठाम विरोध आहे. यामाहाची तेव्हाची भारतीय भागीदार एस्कॉर्ट्सनं ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात बनवली. त्या वेळच्या ब्लॉकचं ओतकाम आज बाजारातल्या स्वस्त किटमध्ये सापडत नाही. मूळ बोअर, म्हणजे ब्लॉकच्या नळीचा आतला व्यास, ५० मिमी. नळी झिजली की ती कातून मोठी करतात (यालाही बोअर करणं म्हणतात) आणि त्यासाठी ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १ मिमीनं मोठे, ओव्हरसाइज पिस्टन येतात. म्हणजे काकांनी कधी बोअर केलं नसेल तर त्या ब्लॉकची चार आयुष्यं अजून शिल्लक आहेत.

आणि दोष ब्लॉकचाच आहे हे अजून ठरलंय कुठे? टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये (ब्लॉकखालच्या, क्रँक फिरतो त्या बंद कप्प्यात) येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं. त्यामुळे क्रँकच्या दोन बाजूंची ऑइल सील (दाब आणि तेल अडवणाऱ्या रबरी चकत्या) पिस्टनच्या रिंगांइतकीच महत्त्वाची. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की त्यांचं रबर कडक होतं. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं: पांढरा धूर, गिअर ऑइल हळूहळू कमी. मॅग्नेटोकडचं (क्रँकच्या दुसऱ्या टोकाला वीज बनवणारं चाक असतं, त्या बाजूचं) गेलं तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आयडल बिघडतं आणि जोरात पळवल्यावर पिस्टन पकडतो, म्हणजे तापून ब्लॉकमध्ये अडकतो. अशा गाडीत नवीन ब्लॉक टाकलात तर तोही पकडेल. अर्थात थोडा धूर क्रँककेसमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचलेल्या जुन्या तेलाचाही असतो, म्हणून निव्वळ धुरावरून निदान करू नका.

त्यासाठी एक चाचणी आहे, हेड उघडण्याआधीच करायची. सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढा. दोन्ही तोंडं ट्यूबच्या जाड रबरानं घट्ट बंद करा. पिस्टन अगदी खाली आणा. आता प्लगच्या भोकातून क्रँककेसपर्यंत वाट मोकळी असते. तिथे नळी बसवून घरातल्या बीपी मोजायच्या जुन्या यंत्राच्या फुग्यानं ३०० पर्यंत हवा भरा. हा दाब साधारण ६ पीएसआय होतो, यापुढे जाऊ नका. काटा पाच-सहा मिनिटं टिकला तर सील चांगली आहेत. भराभर उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: हेडखाली, ब्लॉकच्या पॅकिंगला आणि मॅग्नेटो काढून त्यामागच्या सीलला. कुठेच बुडबुडे नाहीत आणि गिअर ऑइलच्या भोकाशी फुसफुस ऐकू आली, तर क्लचकडचं सील.

मॅग्नेटो पुलरनंच (तो ओढून काढायच्या हत्यारानं) काढायचा, हातोडी अजिबात नाही. कव्हरचे फुलीच्या खाचेचे स्क्रू साध्या फिलिप्स ड्रायव्हरनं फिरवू नका. जपानी गाड्यांचे हे स्क्रू जेआयएस (जपानी मानक) मापाचे, त्यात फिलिप्सचं टोक तळाशी बसत नाही, घसरतं आणि डोकं गुळगुळीत करून टाकतं. त्या मापाचा ड्रायव्हर किंवा हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा, आदल्या रात्री थोडं तेल सोडून ठेवा.

नंतर ब्लॉक उचला. उचलायला लागताच क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, कारण पिस्टन-पिनचं सर्कलिप (पिन अडवणारी छोटी तारेची कडी) उडून आत गेलं की हाफ इंजिनचं, म्हणजे फक्त वरचा भाग उघडायचं काम फुल इंजिनवर, म्हणजे क्रँककेसही उघडण्यावर जातं. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहा. तिथे जरासुद्धा खेळ असेल तर क्रँक चांगल्या वर्कशॉपमध्ये द्या, तो प्रेसनं उघडून डायल गेजवर सरळ करावा लागतो, घरी जमणारं काम नाही. वरचं टोक आडवं किंचित डुलत असेल तर काळजी नको.

बोअरवर नखाला लागतील असे ओरखडे असतील तरच लेथवाल्याकडे जा, आणि जाताना नवीन पिस्टन हातात घेऊन जा. पंधरा वर्षांपूर्वी मी नुसता ब्लॉक दिला. कारागिरानं छापील मापावर बोअर केलं आणि तीस किलोमीटरवर पिस्टन पकडला. बोअर त्या विशिष्ट पिस्टनच्या स्कर्टचं (खालच्या घेराचं) माप मायक्रोमीटरनं घेऊन करायचं असतं. पोर्टच्या (ब्लॉकच्या भिंतीतल्या, मिश्रण आणि धूर ये-जा करायच्या भोकांच्या) कडा घासून गोल करायलाही सांगा. टू-स्ट्रोकमध्ये रिंग त्या भोकांवरून जाते, धारदार कडेत अडकली तर मोडते. अनेक ठिकाणी हे काम मागितल्याशिवाय होत नाही.

बसवताना पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगांची टोकं खाचेतल्या पिनांवर, सर्कलिप आणि पॅकिंग नवीन. हेडचे नट आडवेतिडवे, थोडे थोडे आवळा.

ऑटोल्यूब पंप (वेगळ्या टाकीतलं टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल इंजिनात सोडणारा पंप) विसरू नका. नऊ वर्षांत त्याच्या नळीत हवा शिरलेली असणार. पंपावरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल वाहू द्या, आणि तरीही पेट्रोलच्या पहिल्या टाकीत लिटरला २० मिली टू-टी तेल मिसळाच. पंप चालला नाही तर तेवढ्यानं पिस्टन वाचतो. तेलाच्या टाकीतलं तेल खरंच कमी होतंय हे दिसलं की मिसळणं बंद करा.

आधी दाबाची चाचणी करा आणि काटा किती वेळात किती उतरला ते कळवा. ब्लॉक उचललात तर पिस्टनचे सायलेन्सरकडच्या बाजूचे आणि कार्बोरेटरकडच्या बाजूचे वेगवेगळे फोटो टाका. ओरखडे कुठल्या बाजूला आहेत यावरून पुढचं सांगता येईल.