भागीदारीपत्र केलं, पण फर्मची नोंदणी दीड वर्षाने झाली. रिटर्न कधीपासून भरायचं?

धंदा सुरू झाला त्या दिवसापासून. नागपूरच्या इतवारीतल्या तुमच्या फर्मची नोंदणी फर्मच्या निबंधकाकडे उशिरा झाली, याच्याशी आयकराला फारसं देणंघेणं नाही. त्यांना लेखी भागीदारीपत्र आणि त्यात प्रत्येकाचा हिस्सा स्पष्ट लागतो. फर्मचं पॅन वेगळं, फॉर्म आयटीआर-5, कर सरळ 30 टक्के. तोटा असला तरी रिटर्न भरावंच लागतं. इथेच बहुतेकजण फसतात. मुदतीनंतर 5000 रुपयांपर्यंत लेट फी, शिवाय धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करायला पुढे ओढता येत नाही.

नोंदणी मात्र बिनकामाची समजू नका. 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे ती नसेल तर उधारी बुडवणाऱ्यावर फर्मला दावा लावता येत नाही, आणि इतवारीत उधारीशिवाय धंदा होतो का भाऊ?