लघवीची गोळी आणि डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध एकत्र घेतल्यास धोका असतो का?

असतो, पण डॉक्टर ही जोडी विचारपूर्वकही देतात. खरा मुद्दा पोटॅशियमचा. फ्युरोसेमाइडसारख्या गोळीने लघवीवाटे पाण्याबरोबर पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही जातं. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिन हृदयाच्या पेशींना जास्त घट्ट चिकटतं. म्हणजे डोस तोच, पण परिणाम विषारी. मळमळ, भूक मरणं, सगळं पिवळसर दिसणं, ठोके चुकणं ही लक्षणं. (पिवळं दिसणं लोक डोळ्यांच्या माथी मारतात!) सोटॅलॉल हे ठोके नियमित ठेवणारं औषध घेणाऱ्यांनाही पोटॅशियम घटल्यास ठोक्यांची गंभीर गडबड होऊ शकते. रक्तातलं पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 mmol/L (मिलिमोल प्रति लिटर) असावं. जुलाब-उलट्या झाल्यास तपासणी लवकर करा. गोळी मनाने बंद करू नका. चक्कर येऊन पडलात तर थेट इस्पितळ गाठा.